सिल्व्हरमाइन्सला सोमवारीच

बाबा आयर्लंडात आले ते तीन महिन्यांसाठी. सव्वा वर्ष उलटलं तरी त्यांनी पाहिलेलं आयर्लंड म्हणजे डब्लिनच्या सिटीवेस्ट भागातल्या आमच्या अपार्टमेंटची बाल्कनी, खालून जाणारी लुआस ट्राम आणि बदकांचं एक तळं. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची परवानगी होती, आणि त्या पाचांत बघण्यासारखं एवढंच होतं. ज्या माणसाने भंडाऱ्याजवळच्या मँगनीजच्या खाणीत सर्व्हेअर म्हणून उभी हयात काढली, तो आता बदकांची हजेरी घेत होता. "ते हिरव्या मुंडीचं आज आलं नाही," हे मला ऑफिसची मीटिंग चालू असताना खोलीत येऊन सांगायचे. मी वसकन अंगावर जायचे. मी पटकन चिडते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तसं त्यांना परत जाता आलं असतं, मधे विमानं सुरू झाली होती. पण नागपूरहून शैलेंद्रने, माझ्या थोरल्या भावाने, अडवलं. "बाबांची बायपास झालेली आहे, इथे केसेस वाढताहेत. राहू दे तिथेच, तिथे ते सेफ आहेत," म्हणाला. स्वतःच्या सेफ असण्याबद्दल तो काही बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

फेब्रुवारीत माझ्या मुलीला, निधीला, ऑनलाइन शाळेत मध्ययुगातल्या गावांवर प्रोजेक्ट करायला सांगितला. आजोबा शेजारी बसून स्वेटरवर आलेले लोकरीचे गोळे तोडत होते. स्क्रीनवर टिपेररी काउंटीतल्या सिल्व्हरमाइन्स नावाच्या गावाचा फोटो आला. टेकडी, खाणीतलं पाणी उपसणाऱ्या दगडी इंजिनघराच्या पडक्या भिंती, एक उंच चिमणी. सातशे वर्षांपूर्वी तिथली चांदी काढायला थेट इटलीहून माणसं आणली होती, असं खाली लिहिलेलं. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"आजोबा, इट्स ओन्ली अ हिल विथ अ चिमणी, लाइक," निधी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डब्लिनच्या हेलातलं येतं.

"टेकडी काहून म्हणते पोरी?" बाबा म्हणाले. "तिच्या पोटात सातशे वर्षांच्या वाटा असतील. वरून टेकडीच दिसते."

त्या रविवारी नेहमीसारखा शैलेंद्रचा व्हिडिओ कॉल आला आणि बापलेकांचं ठरलं. लॉकडाऊन उठला की सिल्व्हरमाइन्सला जायचं, सकाळी निघून संध्याकाळी परत. शैलेंद्र बँकेत होता, पण लहानपणी त्याला खाणीत उतरायचं भारी वेड. बाबांनी त्याला कधी नेलं नाही. नियमात बसत नाही म्हणाले, आणि बाबांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आता मात्र दोघांच्या उत्साहाला ऊत आला. रविवारच्या रविवार बेत शिजायला लागला. तो तिकडून नकाशे धुंडाळायचा, हे इकडे ड्रॉइंगच्या कागदावर रस्ता काढायचे. तो कागद बाबांनी माझ्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर चिकटवला. त्यावर चढ-उतारसुद्धा दाखवले होते, जणू आम्ही मोटारीने नाही, बैलगाडीने जाणार होतो.

"मेहुणे आणि सासरे मिळून ती खाण पुन्हा सुरू करणार बहुतेक," माझा नवरा चारुदत्त म्हणायचा.

"पोचलो का तुले फोन लावतो," बाबा शैलेंद्रला सांगायचे. "तिथूनच दाखवतो सगळं."

"लहानपणी नाही नेलंत, आता फोनवर तरी दाखवा. आणि डब्यात काय नेणार?"

"ते विभा पाह्यते."

"पाटवड्या न्या. माझ्या वाटची एक बाजूला ठेवा."

"सहलीला पाटवडी कोण नेतं रे?" मी मागून ओरडले. "रस्सा काय खिशात ओतून न्यायचा?"

"थर्मास घे एखादा. आयर्लंडात राहतेस, थर्मास नाही तुझ्याकडे?" त्याला पाटवडी कुठेही आणि केव्हाही चालायची. आमची आई होती तेव्हा परीक्षेच्या दिवशीसुद्धा तो पाटवडी खाऊन जायचा.

एप्रिलमध्ये त्याला ताप आला. मग हॉस्पिटलमध्ये ठेवलं. आणि महिनाअखेरच्या एका बुधवारी दुपारी माझ्या वहिनीचा, उर्मिलाचा, फोन आला. "गेले ते," एवढंच म्हणाली. ती रडत नव्हती. तिला त्याचा चेहराही बघायला मिळाला नव्हता, आणि घरात ती स्वतः तापाने पडली होती. मी खोलीतून बाहेर आले तर बाबा स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेले.

"कोनाचा फोन?"

"ऑफिसचा," मी म्हणाले, आणि त्यांच्या समोर बसून मटार सोलायला लागले.

संध्याकाळी नागपूरहून मुरलीधरकाकांचा, बाबांच्या धाकट्या भावाचा, निरोप आला. दादाला आत्ता सांगू नका. तिथून येता येणार नाही, परक्या मुलखात अडकलेला, हृदयाचा पेशंट. विमानाने घरी आला की मी स्वतः सांगीन. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांपासून अशी बातमी लपवायची पद्धतच आहे, लपवणाऱ्याला सगळे शहाणं म्हणतात. उर्मिलाही हो म्हणाली, मीही हो म्हणाले. फोन अपडेट करून देते म्हणत मी बाबांचा मोबाइल घेतला आणि नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं.

आता खोटं बोलायचंच तर पद्धतशीर बोलावं, म्हणून मी बाबांचीच रीत उचलली. खाणीत अपघातात माणूस गेला की त्याच्या घरी सांगायला मॅनेजर बाबांना पाठवायचा. बाबा दारात जाऊन 'गेला' असं कधी म्हणायचे नाहीत. 'पायाला लागलंय, दवाखान्यात चला,' म्हणायचे. रस्त्यात म्हणायचे, 'जरा जास्तच लागलंय.' दवाखाना दिसायला लागला की, 'डॉक्टर बघताहेत.' माणसाला एकदम खाली ढकलू नये, पायऱ्यांनी उतरवावं, असं ते आम्हा भावंडांना जेवताना सांगायचे. मी तेच केलं. बुधवारी म्हणाले, शैलेंद्रचा ऑक्सिजन जरा खाली आहे. मग म्हणाले, मास्क लावलाय, फोनवर बोलता येत नाही. मग, डॉक्टर बघताहेत. त्या पायरीवर मात्र मी त्यांना उभं केलं ते केलंच, कारण पुढची पायरी काकांच्या वाटणीची होती. बाबा ऐकायचे आणि "बरं" म्हणायचे. उलटा प्रश्न एकही नाही. सर्व्हेअर माणूस, एरवी मिठाच्या पुडीची तारीख तपासून घेणारा, पण माझी थाप पचली. मला बरंसुद्धा वाटलं.

माझ्या भावासाठी माझ्याच घरात मला रडता येत नव्हतं. चारुदत्त रोज शिफ्टवरून आला की भाजी आणायच्या निमित्ताने मला सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घेऊन जायचा. तो आत जायचा आणि मी गाडीत बसून मोठ्याने रडून घ्यायचे. तो काहीतरी घेऊन यायचा, कोबी नाहीतर फ्लॉवर, कारण रिकाम्या हाताने परत जाता येत नव्हतं. फ्रिजमध्ये कोबीच कोबी झाला. घरी शिरताना तोंडावर मास्क असायचा, मास्कचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

सगळ्यात वाईट सकाळी वाटायचं. बाबा आंघोळ करून आमच्या छोट्या देव्हाऱ्यासमोर बसायचे. पोटचा मुलगा गेलेला, सुतक लागलेलं, आणि हा माणूस काही माहीत नसताना घंटी वाजवत होता. मला तिथे उभं राहवेना. नशिबाने दोन-तीन दिवसांत त्यांचा गुडघा धरला. "खाली बसवत नाही," म्हणाले, आणि पूजा थांबली. देवच पावला म्हटलं. पण चार दिवस झाले तरी गुडघा काही उतरेना, तेव्हा मी बसायला उंच स्टूल मागवलं. त्यावरही बसेनात. दाढी वाढवली होती. "आता हातात एक काठी द्या, अस्सल आयरिश म्हातारे दिसाल," असं मी म्हणाले. खीर केली तर गोड नको म्हणाले. म्हातारपणी लाड वाढतात, असं मी त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

मग जाहीर झालं की येत्या सोमवारपासून सगळ्या काउंट्या खुल्या. बाबा बातम्या बघत होते. टीव्ही बंद करून म्हणाले, "सोमवारी सिल्व्हरमाइन्सले जाऊ."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. सोमवारी शैलेंद्रचं तेरावं होतं. मी त्या दिवशी रजा टाकून ठेवली होती. कुणाला न सांगता पाटवड्या करायच्या, एक पान बाजूला काढायचं आणि दिवसभर तोंड मिटून बसायचं, एवढंच मी ठरवलं होतं. भावाच्या तेराव्याला डबा घेऊन सहलीला जायचं?

"सोमवारी नाही जमणार," मी म्हणाले. "माझं ऑफिस आहे. शनिवारी जाऊ."

"सोमवारी."

"चारुदत्तची शिफ्ट आहे."

"त्याले विचारलं मी. त्याची सुट्टी आहे."

चारुदत्तने माझ्याकडे बघायचं टाळलं. त्याची सुट्टी त्याच कारणासाठी होती. मग मी पाऊस पुढे केला, मग गर्दी, मग निधीची शाळा. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे कधी हट्ट धरला नव्हता. सव्वा वर्षात मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणाले नव्हते. आणि आता तीन दिवस ते एकच शब्द धरून बसले. भिंतीवरचा कागद काढून त्यांनी घडी घातली आणि खिशात ठेवला.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते स्वयंपाकघरात आले. निधी ओट्याशी बसून काहीतरी खात होती.

"थर्मास कुठी आहे?"

"इट्स इन द प्रेस, आजोबा," निधी म्हणाली. कपाटाला ती इथल्यासारखं प्रेस म्हणते. तिने उठून काढूनही दिला.

"आपल्याले उद्या निघा लागते ना," बाबा मला म्हणाले. "डब्यात पाटवड्या कर."

तिथे माझा तोल गेला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं, आणि आलं ते खोट्याच्याच अंगाने आलं. "तुम्हाला काही वाटतं का, बाबा?" मी ओरडले. "तुमचा मुलगा तिकडे तोंडाला मास्क लावून पडलाय. आणि तुम्हाला सहल सुचतेय? पाटवड्या सुचताहेत? चार दिवस थांबवत नाही? शनिवारी नाही का जाता येत?"

बाबांनी थर्मास ओट्यावर ठेवला. निधीकडे बघितलं. चारुदत्तने तिला हाताला धरून बाहेर नेलं.

"शनिवारी तेरावं नसते वं, विभा," ते म्हणाले.

मी तिथेच खाली बसले. फरशीवर. त्यांनी ते उंच स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसले. तोवर त्या स्टुलावर ते एकदाही बसले नव्हते. मला एकदम सगळं दिसलं. गुडघा, दाढी, परत केलेली खिरीची वाटी. ज्या माणसाला मी लाडावलेला म्हातारा म्हणत होते तो माझ्या डोळ्यांसमोर मुलाचं सुतक पाळत होता. एकटा. आणि आत्ता मी त्याला काय बोलले होते ते माझ्या कानात अजून वाजत होतं.

"कुणी सांगितलं?"

"तूच. ऑक्सिजन म्हणली तवा शंका आली. डॉक्टर पाहून रायले म्हणली तवा समजलं. ते माह्यंच आहे ना बेटा. पायाले लागलं, मग जास्त लागलं, मग डॉक्टर पाहून रायले. त्या बुधवारपासून दिवस मोजतो मी."

"मग बोलला का नाहीत?" मी रडत होते, आणि रडतानासुद्धा चिडून विचारत होते. "मी रोज पार्किंगमध्ये जाऊन रडतेय, बाबा."

"माहीत आहे. इतका कोबी कोनी खाते का?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग असं रडू आलं की थांबवता येईना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"खाणीत एक बाई होती, सगुणा नावाची," ते म्हणाले. "तिचा नवरा दबला. मी गेलो, म्हणलं पायाले लागलं. तिनं चूल विझवली, लेकरं शेजारणीकडे देल्ली, पदर घेतला अन् माह्यासंगं निघाली. दवाखान्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मले वाटलं, पाहा, माह्या पायऱ्या कामाले आल्या. सगळ्याच बाया तशा येत. कोनी काही विचारे नाही." त्यांनी चष्मा काढला. "त्यायले चुलीपाशीच समजत होतं, विभा. मले रस्त्यात बोला लागू नये म्हणून त्या मुकाट चालत होत्या. हे मले आत्ता, ह्या वयात समजलं. मंग मी बी चाललो तुह्यासंगं."

नंतर तेही रडले. बाबांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्यांना रडायची सवय नव्हती, मधेच खोकला यायचा, आणि मी पाणी द्यायला उठले की हाताने खाली बसवायचे. चारुदत्त दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला. बाहेर निधीला तो काहीतरी समजावून सांगत होता, हळू आवाजात.

सोमवारी सकाळी मी पाटवड्या केल्या आणि रस्सा थर्मासमध्ये भरला. बाबांनी दाढी केली होती. वाटेत पाऊस येऊन-जाऊन होता. बाबा पुढच्या सीटवर कागद मांडीवर उघडून बसले होते, पण त्यांनी तो एकदाही पाहिला नाही. निधी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसली होती, आणि तिने त्या दिवशी कशालाही कंटाळवाणं म्हटलं नाही.

सिल्व्हरमाइन्स म्हणजे एक लहानसं, झोपाळू गाव निघालं. खाणीच्या जागेला कुंपण होतं आणि धोक्याची पाटी होती. टेकडीच्या अंगावर ते इंजिनघर, छप्पर उडालेलं, आणि चिमणी, फोटोतल्यासारखीच. बाबा कुंपणाला धरून बराच वेळ उभे राहिले. एरवी ते किती बोलले असते, कुठून शिरले असतील, पाणी कुठे काढलं असेल. मग दगडी बांधावर बसले. मी डबा उघडला. त्यांनी एक पाटवडी उचलून झाकणावर वेगळी ठेवली, तिच्यावर चमच्याने थोडा रस्सा घातला आणि हात जोडले. आम्हीही जोडले. मग सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं.

"उर्मिलाले लाव फोन," बाबा म्हणाले. "व्हिडिओवाला."

नागपुरात संध्याकाळ होती. विधी आटोपले असणार. उर्मिलाने फोन उचलला, तिच्या मागे भिंतीवर शैलेंद्रच्या फोटोची एक कड दिसत होती, हार घातलेला. "विभाताई," ती म्हणाली, आणि मी काही सांगायच्या आत बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांना समोर बघताच उर्मिला झटकन बाजूला सरकली. भिंत दिसेनाशी झाली. तिने पदराने तोंड पुसलं आणि हसली.

"बाबा, हॉस्पिटलमधून निरोप आला, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," ती म्हणाली. "औषध घेऊन झोपलेत. आज जरा बरं आहे."

नवऱ्याच्या तेराव्याला, घरी मोजकी माणसं जमलेली असताना, ती आमच्यासाठी हे बोलत होती.

"झोपू दे," बाबा म्हणाले. "तू जेवली का?"

"हो बाबा."

"उर्मिला, मले समजलं आहे बेटा. लय दूर आणलं तू मले. पोचलो आपण आता. थांब."

तिला एवढं कळायला क्षण लागला. मग तिचा चेहरा बदलला, आणि तिने तो दोन्ही हातांनी झाकला. इतक्या दिवसांत ती माझ्याजवळ फोनवर कधी रडली नव्हती.

बाबांनी फोनच उलटा फिरवला आणि त्याचा पडदा टेकडीकडे धरला. "हे पाह्य," ते म्हणाले. "त्याले दाखवाचं होतं. ती चिमणी, अन् खाली जे पडकं दिसते ते इंजिनघर. तू रडून घे. इकडून तुले कोनी पाहत नाही." फोनमधून तिचं रडणं येत होतं आणि तिच्या पडद्यावर फक्त टेकडी असणार. वारा सुटला होता. बाबांनी फोन तसाच धरून ठेवला, आणि हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.